महाबलीचं कुंकू

महाबलीच्या तोंडावरचं कुंकू पुसलं ते बरं झालं की वाईट, यावरून खांदेश्वरात आजही दोन तट आहेत. चहाच्या टपरीवर हा विषय काढायचा नाही. काढला की चहा थंड होतो आणि माणसं गरम. सांगणाऱ्यागणिक गोष्ट फुगत गेली आहे. कुणी म्हणतं, त्या रोबोटने परीक्षकाचा बूट पळवला. कुणी म्हणतं, बुटासकट परीक्षकच पळवला आणि तो दुसऱ्या दिवशी वाशीच्या खाडीपुलावर सापडला. बूट पळवला हे खरं. बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं असेल. पण कुंकवाची हकीगत मात्र तशीच्या तशी सांगण्यासारखी आहे. ती मुळातच इतकी तिखट, की वरून मसाला टाकला तर खाणाऱ्याला ठसका लागायचा.

महाबली म्हणजे रोबोट. उंची कोंबडीएवढी, आवाज मात्र असा की सुरू झाला की कळंबोलीच्या लोखंडबाजारातल्या सळ्या दचकून एकमेकींना बिलगायच्या. नाव ठेवलं होतं दिलीपशेठनी. दिलीपशेठ म्हणजे सोसायटीचे चेअरमन, गावचे जमीनवाले, बिल्डर, आणि सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये चालणाऱ्या रोबोटिक्स क्लबचे आश्रयदाते. एवढं सगळं एका माणसात मावायचं म्हणजे माणूसही तेवढा रुंद हवा. तो होता. पण ज्या मुलीने त्या रोबोटला हात दिले, ती त्याला मनातल्या मनात चिंबोरी, म्हणजे खेकडा, म्हणायची.

तिचं नाव निशिगंधा. नववीत शिकणारी, सोसायटीच्या टॉवरच्या मागच्या जुन्या गावातली. बाप हरेश, त्याचे कळंबोलीला दोन डंपर. घरात आजी पुतळाबाई, जिच्या तोंडाला अजून कुणी कुलूप बनवलं नव्हतं.

निशिगंधा क्लबात आली त्याचं असं झालं. वाशीला दरवर्षी होणाऱ्या रोबोट स्पर्धेच्या नियमांत यंदा एक ओळ नवी आली होती: प्रत्येक संघात निदान दोन मुली हव्यात. ती ओळ वाचून क्लबच्या अरविंद सरांना घाम फुटला. सर तुर्भ्याच्या कारखान्यात इंजिनियर, देशावरचे, स्वभावाने गाय. शनिवार-रविवार फुकट शिकवायचे. त्यांच्यात देवाने कण्याशिवाय सगळे पार्ट बसवले होते. मुली कुठून आणायच्या? त्यांनी गुलाबी कागदावर फुलपाखरं काढून एक पोस्टर लावलं. फुलपाखरं बघून एकही मुलगी आली नाही. निशिगंधा आली ती पोस्टरखालच्या टेबलावर पडलेल्या मोडक्या रोबोटकडे बघत. तिच्या मागोमाग सोसायटीतली वैदेही आली, कारण तिला घरी कथ्थकचा क्लास लावणार होते.

"दोन झाल्या!" सर आनंदाने म्हणाले. गौरी बसवाव्या तसं त्यांनी दोघींना खुर्चीवर बसवलं आणि दार लावून घेतलं, पळून जाऊ नयेत म्हणून.

संघाचा कॅप्टन होता तेजस, दिलीपशेठचा मुलगा. त्याने दोघींकडे बघून विचारलं, "सर, ह्यांना काय काम द्यायचं? झाडू?"

"असं नाही बोलायचं, तेजस," सर म्हणाले. "मुलींना रंगांची उपजत जाण असते. रोबोटला रंग देणं, बॅनर, प्रेझेंटेशन... आणि हो, तो कलर सेन्सर आहे ना, तोही मुलींनाच देऊ. रंगांचाच तर विषय."

ह्या न्यायाने पापड लाटणाऱ्या बाईला रोडरोलर द्यायला हवा. पण निशिगंधाने तोंड मिटून सेन्सर घेतला. नखाएवढी काच, तिच्यामागे एक बारीक दिवा. तो दिवा समोरच्या वस्तूवर उजेड टाकतो, परत आलेल्या उजेडावरून रोबोटला रंग कळतो. स्पर्धा तीच होती: मांडलेल्या खोक्यांतून लाल तेवढी उचलून आपल्या कोपऱ्यात आणायची, निळ्याला हात लावायचा नाही. म्हणजे ती काच हाच रोबोटचा डोळा. आणि डोळा हट्टी होता. क्लब हाऊसच्या ट्यूबलाइटखाली ओळखलेला लाल त्याला खिडकीपाशी नेला की ओळखू येईना. मग निशिगंधा आणि वैदेही जागा बदलली की त्याला आधी पांढरा कागद दाखवायच्या, मग लाल, मग निळा. लहान मूल नव्या घरात आलं की त्याला 'ही मोरी, हा जिना' असं फिरवून दाखवतात तसं. मुलं हसायची. "चालली यांची बालवाडी," तेजस म्हणायचा.

रोबोटचे हात हे दुसरं दुखणं. मुलांनी बसवलेल्या दोन सारख्या पट्ट्यांतून खोकं हमखास निसटायचं. एका रविवारी निशिगंधाच्या घरी चिंबोऱ्या आल्या. ती टोपलीपुढे जी बसली ती उठेचना. एकेका चिंबोरीपुढे पेन्सिल धरी आणि बघत राही.

"पेन्सिल कशाला देतंस तिला?" पुतळाआजी म्हणाली. "परीक्षेला बसवतंस कं?"

"बघ ना आये, हिच्या दोन नांग्या सारख्या नाहीत. एक जाड, एक बारीक. जाड दाबते, बारीक अडवते."

"तं? मानसाच्या घरात बी तसाच असते. तू चूल बघ, रश्शाला उशीर व्हतंय."

त्या दिवशी रस्सा उशिरा झाला, पाच-पंचवीस पेन्सिली शहीद झाल्या, आणि पुढच्या शनिवारी रोबोटला एक जाड आणि एक दातेरी बारीक अशा दोन नांग्या बसल्या. खोकं धरलं की असं धरायचा की सोडवायला अर्ज करावा लागे. मितेश नावाचा तेजसचा जोडीदार होता, तो तर टाळ्याच वाजवायला लागला. सरांनी भारावून सगळ्यांसमोर शब्द दिला: "स्पर्धेत टेबलापाशी दोघंच उभे राहतात. तर जिची नांगी चालली ती टेबलापाशी. निशिगंधा, तू नक्की."

त्या शब्दावर निशिगंधा महिनाभर जगली. बाकी बॅनर रंगवणं, केर काढणं, मुलांनी सांडलेले स्क्रू वेचणं, सगळं तिने केलं. टेबलापाशी उभं राहायचं. शिट्टी वाजली की आपल्या बोटाने बटण दाबायचं. एवढंच तिला हवं होतं.

दसऱ्याच्या सकाळी दिलीपशेठनी क्लब हाऊसमध्ये महाबलीची पूजा काढली. हत्यारांची पूजा दसऱ्याला होते, आणि रोबोट हे आजकालचं हत्यार, हे शेठचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. पाट, रांगोळी, आपट्याची पानं, पेढे, फोटोग्राफर. भिंतीवर बॅनर: एका कोपऱ्यात कोंबडीएवढा महाबली, आणि उरलेल्या जागेत हात जोडून उभे दिलीपशेठ. महाबलीला माळ घालायची तर त्याला गळाच नव्हता. ती चाकात जाऊ नये म्हणून वैदेहीने बॅटरीच्या डब्याला गुंडाळली.

"चला, पोरींच्या हातून ओवाळून घ्या," शेठ म्हणाले. "कुमारिकेच्या हातून शुभ असतं. मग टेबलवाले दोघं पुढं या फोटोला. तेजस, मितेश!"

निशिगंधा ताट घेऊन पुढे आली. "काका, टेबलापाशी मी आहे. सरांनी सांगितलंय."

शेठनी सरांकडे पाहिलं. सरांनी महाबलीकडे पाहिलं, जणू उत्तर त्याने द्यायचं होतं.

"अगं बाय माझी," शेठ समजुतीने म्हणाले, "टेबलवर लय टेन्शन असते. पोरी रडतात. तुमी दोघी नऊवारी नेसून, फेटा-नथ घालून बॅनर धरा. फोटोत छान दिसतं. कल्चर पण दिसतं."

पोरी रडतात! गेल्या वर्षी स्पर्धेत बॅटरी निसटली तेव्हा तेजस इतका रडला होता की हॉलवाल्यांनी गळती लागली म्हणून प्लंबर बोलावला होता. पण हे बोलायचं कुणी?

"सर, तुम्ही शब्द दिला होता," निशिगंधा म्हणाली.

"बघू हं, निशिगंधा. स्पिरिट महत्त्वाचं. टीम जिंकली म्हणजे तूच जिंकलीस ना," सर म्हणाले. त्यांचा आवाज कपाटाच्या मागून आल्यासारखा होता.

निशिगंधाच्या कानशिलात धग पेटली. ह्या क्षणी ताट आपटावं आणि चालू पडावं. पण पाटावर चिंबोरी बसली होती, नांग्या मिटून, शहाण्यासारखी. तिने कसंबसं ओवाळलं.

"कुंकू लाव," शेठ म्हणाले. "हे काय, कपाळाला लाव. इथं, मधोमध." आणि त्यांनी बोट दाखवलं ते दोन नांग्यांच्या मधल्या काचेवर.

"काका, तिथे नको. तो त्याचा डोळा आहे."

"डोळा कसला? बटन हाय ते."

"कलर सेन्सर आहे. त्यातून बघतो तो. मी बॅटरीच्या झाकणावर लावते ना."

"पाठीवर? गणपतीच्या पाठीवर लावतेस कुंकू कधी?" सगळे हसले. "आण इकडं." शेठनी ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि सातबाऱ्यावर उठवावा तसा दाबून काचेवर उठवला. वर अक्षता चिकटवल्या.

निशिगंधाचा हात आपोआप पुढे गेला, पुसायला. आणि सगळं क्लब हाऊस 'हां हां हां!' करून ओरडलं. गॅसवर दूध उतू जाताना ओरडतात तसं.

"पूजेचं कुंकू पुसतेस?" शेठचा आवाज खाली आला. "कुंकू पुसनं म्हंजे काय असतं, घरात शिकवलं नाय तुला? स्पर्धा होईपर्यंत त्याला कोनी हात लावायचा नाय. आनि आज हत्यार चालवायचं पन नाय. मी त्याला आमच्या देवघरात ठेवतो. आता रविवारी डायरेक्ट वाशीला."

निशिगंधाने सरांकडे पाहिलं. सरांना सगळं समजलं होतं; इंजिनियर माणूस. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत घातला. काच खराब झाली की दिसत नाही, हे त्यांना स्वतःच्या चष्म्यापुरतं माहीत होतं.

नंतर तिने सरांना फोन केला. एकदा ट्रायल घेऊ या, फक्त एकदा. सर म्हणाले, "बघतो गं. शेठ देवघर उघडतील तेव्हा." देवघर उघडत होतं रोज दोन वेळा, पण सरांसाठी नाही.

पुतळाआजी ओट्यावर मासे निवडत होती. नातीने सगळं सांगितलं तशी तिने कोयती बाजूला ठेवली. आता कोयती बाजूला ठेवून बोलायची म्हणजे आजीचं बोलणं कोयतीपेक्षा धारदार असणार, हे शेजारच्या मांजरांनाही ठाऊक होतं. मांजरं भिंतीवर जाऊन बसली.

"तुज्या बापाच्या डंपरची पूजा झाली ना सकाली?" आजी म्हणाली. "कुकू कुठं लावलं त्यानं?"

"बोनेटवर."

"काचंवर नाय ना फासलं? डायवरला दिसंल कसं? दिल्या येवढा शेठ झाला, डंपरायवढी अक्कल नाय."

"पण पुसायचं नाही म्हणतात, आये. अशुभ."

आजी गप्प झाली. ती गप्प झाली हेच इतकं नवल होतं की मांजरं भिंतीवरून खाली उतरली. मग आजीने आपल्या कोऱ्या कपाळावर मनगट फिरवलं.

"तुजा आजा गेला तवा माजं कुकू पुसाला चार बाया धावत आल्या व्हत्या. त्यातली एक ह्या दिल्याची आय. मना कोनी इचारलान नाय, पुतले, पुसू का म्हनून. मी पस्तीशीची पन नव्हते. आन आता लोखंडाचं कुकू पुसाला मुहूर्त पायजे?" तिने थू करून एक खवला जिभेवरून काढला. "रविवारी मी येतंय वाशीला. मना बघाचाच हाय तुजा डोला."

रविवारी वाशीच्या हॉलात एवढी गर्दी की भिंती बाहेरून वाकलेल्या दिसत होत्या. निशिगंधा आणि वैदेही भाड्याच्या नऊवाऱ्यांत, डोक्याला फेटे, नाकात नथी, बॅनरचे दोन बांबू धरून उभ्या होत्या. नथ बोलताना ओठावर आपटत होती. ज्याने कुणी ती बनवली, त्याला बायकांनी बोलू नये असंच वाटत असणार.

"लगीन कोनाचं हाय?" पुतळाआजीने मागच्या खुर्चीवरून विचारलं.

"आमच्या हाताचं, बांबूशी," वैदेही म्हणाली.

मुख्य परीक्षक होत्या सरोजिनीबाई, मोठ्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या, गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली. तेजसने बटण दाबलं. महाबली गरजला, पुढे झेपावला, आणि पहिलंच खोकं त्याने उचललं. निळं.

आपल्या कोपऱ्यात आणून ठेवलं. गेला. दुसरं उचललं. तेही निळं. काचेवर कुंकवाचा थर. त्याने टाकलेला उजेड त्या थरावरूनच लाल होऊन परत येत होता. त्याच्या दृष्टीने सगळं जग लाल झालं होतं. खोकी संपली तसा तो टेबलाच्या कडेची पाण्याची बाटली घेऊन आला. मग खडू. मग एका साहाय्यक परीक्षकाने बुटाची नाडी बांधायला टेबलाच्या कडेवर टेकवलेला पाय. त्याचा बूट नांगीत सापडला, आणि ती नांगी म्हणजे निशिगंधाची नांगी. धरलं ते सोडणार नाही. परीक्षक एका पायावर नाचत होता, महाबली बुटाला आपल्या कोपऱ्याकडे ओढत होता, आणि शेवटी बूट निघाला. तो त्याने नीट खोक्यांच्या शेजारी ठेवला. सगळा हॉल हसत होता. गुणफलकावर संघाचा आकडा शून्याच्या खाली उतरला.

निशिगंधाला हसू आलं नाही. तिच्या नांग्या किती छान काम करत होत्या, आणि त्या आंधळ्या करून सोडल्या होत्या.

"कोड बिघडवला ह्यांनी!" तेजस टेबलापासून ओरडत आला. डोळे भरलेले. "सेन्सर ह्या पोरींकडंच होता!"

"मी काय म्हनत होतो?" दिलीपशेठ सरांना म्हणाले, पण इतक्या मोठ्याने की पनवेलपर्यंत कळावं. "नियम केला म्हनून घ्यायच्या पोरी. मग हे असं."

आता मात्र तिच्या टाळूतून वाफ निघाली. फेटा वर उचलला गेला असं वैदेही अजून शपथेवर सांगते.

सर धावत आले. "निशिगंधा, लवकर. दुसरी फेरी आहे. काय झालंय सांग, तेजस करेल."

"तुम्हाला माहीत आहे काय झालंय, सर."

सरांनी मागे शेठकडे बघितलं. "हो, म्हणजे... पण ते पुसायचं तर शेठ... तू असं कर, दुसरा काही उपाय सांग. कोडमध्ये काही."

"आंधळ्याला कोडमध्ये काय सांगू? नीट बघ म्हणून?" तिचा आवाज खाली आला नाही. "मी टेबलापाशी जाते. वैदेही आणि मी. तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, आत्ता वाद नको. पुढच्या वर्षी नक्की. आत्ता फक्त सांग..."

"पुढच्या वर्षी दोन मुलींचा नियम असेल तर ना?"

सरांनी चष्म्याला हात घातला. त्यांना पुसताना बघायची तिला आता इच्छा नव्हती. तिने वैदेहीकडे बघितलं. दोघींनी एकदमच बांबू सोडले.

बॅनर खाली यायला लागला. त्यावर हात जोडलेले शेठ आधी गुडघ्यात वाकले, मग कमरेत, आणि आता त्यांचं तोंड हॉलच्या धुळीला लागणार, एवढ्यात खरे शेठ आडवे धावले आणि त्यांनी दोन्ही बांबू झेलले. एवढ्या पाहुण्यांसमोर आपलंच तोंड पायदळी कसं जाऊ द्यायचं? त्यांनी बांबू धरले ते धरलेच. सोडायची सोय नव्हती.

टेबलापाशी मितेश उभा होता. निशिगंधा आली तसा तो बाजूला झाला. "जा तू," तो हळूच म्हणाला. "मला त्यातलं काय कळत नाय. मी नुसता उभा होतो."

तेजस हलला नाही. निशिगंधाने नथ काढली आणि त्याच्या हातात दिली. "धर. फोटोत छान दिसतं." तो नथीकडे बघत राहिला, एवढ्यात वैदेही आपलीही नथ काढून त्याच्या जागेवर उभी होती.

"दुसऱ्या फेरीला कोण?" सरोजिनीबाईंनी विचारलं. "सर, नावं सांगा."

सरांनी तोंड उघडलं. निशिगंधा त्यांच्यासाठी थांबली नाही. "निशिगंधा आणि वैदेही," ती म्हणाली. "नांगी आणि सेन्सर आमचाच आहे."

"कोण काय ते मला पुढे दिसेलच," बाई म्हणाल्या. "तयारीला वेळ देते. करा."

निशिगंधाने महाबलीला उचललं. काचेवरचं कुंकू वाळून खरपुडीसारखं झालं होतं, त्यात दोन अक्षता. तिने नऊवारीचा पदर हातात घेतला.

"ए पोरी!" बॅनरच्या मागून शेठ ओरडले. हात अडकलेले, म्हणून सगळा जीव आवाजात. "पुसू नको सांगतो! अपशकुन होईल! सगळ्या संघाला भोगायला लागेल!"

मुलांच्या आया, दुसऱ्या संघांचे सर, सगळे वळून बघायला लागले. निशिगंधाचा हात थांबला. लहानपणापासून ऐकलेलं कुठेतरी आत असतंच. ते नेमकं अशा वेळी बोटं धरतं.

मागच्या खुर्चीवर पुतळाआजी उभी राहिली. उंची साडेचार फूट, पण त्या दिवशी तिचं डोकं पंख्याला लागत होतं म्हणतात.

"पूस गो पोरी!" ती गरजली. "कोनाचा नवरा नाय मरत! पूस!"

निशिगंधाने पदराला थुंकी लावली आणि खसाखसा पुसलं. मग वैदेहीने पुढे केलेला पांढरा कागद त्या डोळ्याला दाखवला. मग लाल. मग निळा. कुणी तरी हसलं, बालवाडी म्हणालं. हसू दे. हॉलचे दिवे वेगळे होते. नव्या घरात त्याला हात धरून फिरवायला हवं होतं.

शिट्टी वाजली आणि तिने बटण दाबलं. स्वतःच्या बोटाने.

चिंबोरी निघाली. पहिल्या खोक्यापाशी गेली, थांबली. निळं. वळली. पुढचं लाल. जाड नांगीने दाबलं, बारीक नांगीने अडवलं, उचललं, आणलं. निळ्याला वळसा, लालाला मिठी. शेवटचं लाल खोकं कोपऱ्यात ठेवून ती थांबली तेव्हा ज्याचा बूट गेला होता त्या परीक्षकाने एका पायात बूट घालूनच टाळ्या वाजवल्या.

सरोजिनीबाई टेबलाजवळ आल्या. त्यांनी नांगीवर बोट फिरवलं. "दोन्ही सारख्या का नाहीत?"

मागून तेजस काहीतरी सांगायला पुढे झाला. निशिगंधाने त्याला मध्ये येऊ दिलं नाही. चिंबोरी, टोपली, पेन्सिली, सगळं तिनेच सांगितलं, आणि बाईंनी दुसऱ्या संघाला थांबायला लावून ते ऐकलं.

बक्षीस मिळालं नाही. दोन्ही फेऱ्यांची बेरीज होती, आणि पहिल्या फेरीत निळी खोकी, बाटली, खडू आणि बूट असा सगळा बाजार नावावर पडला होता. दिलीपशेठनी बांबू न सोडता जाहीर केलं, "बघितलंत? कुंकू पुसलं म्हनून हरलो." तिथूनच खांदेश्वरात तो एक तट सुरू झाला. गुणफलक भिंतीवर लखलखत होता, कोणत्या फेरीत काय झालं ते शेंबड्या पोराला वाचता येत होतं. पण ज्यांना लालच बघायचं त्यांना निळं दाखवून काय उपयोग? सर तिच्याजवळ येऊन म्हणाले, "मला वाटतच होतं तू करशील." निशिगंधाने चिंबोरी उचलून घेतली. वाटत होतं तर ते त्यांनी देवघरात कुलुपात ठेवलं होतं.

फोटोग्राफर मात्र आला. "शेठना मध्ये घेऊ," तो म्हणाला. निशिगंधा रोबोट उचलून उभी होती. "आम्ही इथे आहोत," ती म्हणाली, "फोटो काढायचा तर इथे काढा." शेवटी इथेच काढला. तो फोटो क्लबच्या ग्रुपवर आहे. मध्ये दोघी, फेटे वाकडे, नथी नाहीत, चिंबोरीच्या नांग्या वर. कडेला बॅनर धरून दिलीपशेठ. छान दिसतात.

परतताना हरेशच्या गाडीत आजीने नातीचा पदर हातात घेतला. त्यावर थुंकीने ओलं झालेलं कुंकू लालभडक पसरलं होतं.

"भाड्याची आहे आये, डाग नको. धुऊन द्यायची आहे," निशिगंधा म्हणाली.

"धू ना. पन फुकट कशाला घालवाचं?" असं म्हणत आजीने पदराचं ओलं टोक अंगठ्याभोवती गुंडाळलं आणि आपल्या कपाळावर टेकवलं. जवळजवळ चाळीस वर्षांनी. हरेशने आरशात बघितलं आणि गाडी खड्ड्यात घातली.

"आये!" तो म्हणाला. "लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. आज म्हनतील, उद्या म्हनतील." आजी खिडकीबाहेर बघत होती. "ही पोरगी सांगते ना, जागा बदलली की डोल्याला परत दाखवाला लागते, ह्ये लाल, ह्ये निलं. मी रोज सकाली ओट्यावर बसंन. दिल्याच्या आयला बी बोलवंन. बघू दे समद्यांना."

आणि ती बसते. ज्याला खोटं वाटत असेल त्याने खांदेश्वरला जाऊन बघावं. ओट्यावर पुतळाआजी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, समोर माशांची टोपली. आणि घराच्या आतल्या खोलीत शनिवारी दुपारी दार सताड उघडं ठेवून निशिगंधा-वैदेहीसकट सहा-सात मुली जमिनीवर बसलेल्या, मधोमध एक नवा रोबोट. टेबल अजून मिळालेलं नाही.